कलम सातवे: लोखंडी रथाविषयी

ज्याने नाकपुडीत श्वास घातला आणि जो आपल्या वेळी तो परत मागून घेईल, त्या एकमेव परमेश्वराचे स्मरण करून मी, आयझॅक शलोमोन वाकरूळकर, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धर्म यहुदी, बेने इस्राएल, पूर्वी धाटाव येथील एका कारखान्यात मेंटेनन्स फोरमन, हल्ली सेवानिवृत्त, राहणार रामवाडी, पेण, जिल्हा रायगड, हे माझे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवतो. यापूर्वी केलेला कोणताही मसुदा, गेल्या गुरुवारचा धरून, यापुढे रद्द समजावा.

उद्या सोमवारी मला पनवेलच्या रुग्णालयात दाखल व्हायचे आहे. हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टरांनी आशा दिली, खात्री दिली नाही. राजा हिज्कीया आजारी पडला तेव्हा संदेष्टा त्याच्याकडे येऊन घराची निरवानिरव कर असे सांगून गेला, आणि राजा भिंतीकडे तोंड फिरवून रडला. मी रडण्याऐवजी कागद घेतला. याचा अर्थ माझी श्रद्धा राजापेक्षा मोठी असा कोणी करू नये. मला भिंतीकडे तोंड करून झोपायची सवय नाही, इतकेच.

माझी बुद्धी शाबूत आहे. हे लिहिण्यामागे कोणाची भीड, आमिष वा दाब नाही. एक गृहस्थ दाब टाकतील असे मला वाटले होते. त्यांनी तो टाकला नाही, आणि त्यामुळेच शुक्रवारी पुरा व्हायचा कागद आज रविवारी पुरा होत आहे. ते गृहस्थ म्हणजे श्री. हैबतराव गणू घरत, गणपतीचे मूर्तिकार, पूर्वी राहणार पेण, हल्ली मुलाकडे वरसे, रोह्याशेजारी. बालपणापासूनचे माझे मित्र. गेली चार वर्षे आमचे बोलणे नव्हते. आमच्यात वाद आहे तो एका रणगाड्यावरून. हा रणगाडा खऱ्याच्या पाचव्या हिश्शाचा, रेडिओवर चालणारा, कोणत्याही तयार सुट्या भागांच्या पेटीतून न जोडता मुळापासून घडवलेला आहे. त्याचे धड माझ्या पडवीत आहे आणि बुरूज चार वर्षे त्यांच्या माळ्यावर होता. माझ्या मागे त्या धडाचे काय व्हावे, हा या कागदातला एकच अवघड प्रश्न. तो सातव्या कलमात येईल. बाकीची कलमे सोपी आहेत, ती आधी उरकतो.

कलम पहिले. माझा देह पेणच्या आमच्या कब्रस्तानात माझी दिवंगत पत्नी सारा हिच्या उजव्या बाजूस ठेवावा. प्रार्थनेस लागणारे दहा पुरुष आता पेणमध्ये मिळत नाहीत. अलिबाग, रोहा, ठाणे येथील नंबर फ्रिजच्या दारावर चिकटवले आहेत. दहा भरले नाहीत तर त्यांच्यासाठी सूर्यास्तापर्यंत थांबू नये. जितके असतील तितक्यांनी स्तोत्र म्हणावे. हैबतरावांनी तेथे नारळ फोडू नये. ते फोडतील हे मला ठाऊक आहे, तरी लिहून ठेवतो.

कलम दुसरे. रामवाडीचे राहते घर, पडवी व मागील आवारासह, माझा एकुलता मुलगा नथानियल यास. तो अश्दोदच्या बंदरात क्रेन चालवतो आणि येथे परत राहायला येणार नाही, हे आम्ही दोघेही जाणतो आणि फोनवर बोलत नाही. त्याने घर विकावे. मात्र विकण्यापूर्वी चौकटीवरचा मेझुझा, शास्त्रवचनाची ती डबी, स्वतः काढून सोबत न्यावा. घेणाऱ्याला त्यातल्या वचनाची कल्पना असणार नाही, आणि तो दरवाजाबरोबर त्यालाही रंग मारून टाकील.

कलम तिसरे. बँकेत व पोस्टात जे असेल त्यातून प्रथम कब्रस्तानाच्या मागच्या भिंतीची दुरुस्ती व्हावी. उरेल ते नथानियलचे. आकडे पासबुकात आहेत, येथे कागद भरवीत नाही.

कलम चौथे. प्रार्थनेची व शास्त्राची पुस्तके रोह्याच्या सिनेगॉगला. हिब्रू मला वडिलांनी शिकवले, संस्कृत शाळेतल्या गुरुजींनी. एकाच दिव्याखाली दोन्ही वाचून मी मोठा झालो आणि दोहोंपैकी कोणीही मला परके म्हटले नाही. संस्कृत ग्रंथ अॅड. नूतन यांना द्यावेत. या मृत्युपत्राची अंमलबजावणी त्यांनीच करायची आहे. "काका, कोर्टाला गोष्ट नको असते, यादी हवी असते," असे त्या मला बजावत आल्या. कोर्टाला नसेल हवी, नथानियलला लागेल. नुसती यादी पाठवली तर तो फोनवरही बोलणार नाही.

कलम पाचवे. लेथ, ड्रिल, वाइस, पान्हे व सर्व हत्यारे खांब गावच्या काळुराम यांस. हमरस्त्याला लागून त्यांची लहान भट्टी आहे. रणगाड्याच्या पट्ट्यांची एकेक कडी त्यांनी ओतून दिली. माझा मोजमापाचा वर्नियर त्यांनी एका आठवड्यासाठी नेला तो अजून आलेला नाही. आता त्याची मागणी करू नये. त्यांना वाटेल मी विसरलो. मी विसरलेलो नाही, सोडून दिला आहे, आणि या दोहोंत फरक आहे हे त्यांना वाचून दाखवावे.

कलम सहावे. शेजारीण इंदुबाई यांना अंगणातला शेवगा. शेंगा त्या आजवर नेतच होत्या, आता हक्काने न्याव्यात. ग्राइंडरच्या आवाजाने कावून त्यांनी एकदा चौकीत कळवले की वाकरूळकर तोफ करतोय. हवालदार आले. तोफ उडते का, असे त्यांनी विचारले. हैबतरावांनी मोठ्या गांभीर्याने सांगितले की धूर येतो, पण अगरबत्ती लावली तर. हवालदारांनी रिमोट मागून घेऊन अंगणाला दोन फेऱ्या मारल्या आणि चहा घेऊन गेले. इंदुबाई त्यानंतर महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत, हैबतरावांशी मात्र बोलत होत्या.

कलम सातवे. याचा विस्तार होईल. नथानियल, हे तुझ्यासाठी आहे, सावकाश वाच.

शास्त्रात एक जागा आहे. यहुदाचे लोक डोंगरमुलूख जिंकतात, कारण परमेश्वर त्यांच्याबरोबर असतो. आणि त्याच श्वासात सांगितले आहे की खोऱ्यातल्या लोकांना ते हटवू शकले नाहीत, कारण त्यांच्याकडे लोखंडी रथ होते. लहानपणी मी वडिलांना विचारले, देव बरोबर असताना लोखंडाने अडावे कसे? वडील म्हणाले, तू आधी लोखंडी रथ पाहा, मग देवाचा हिशेब विचार. त्यांनी मला गप्प करण्यासाठी म्हटले असेल. मी ते पन्नास वर्षे सांभाळले.

निवृत्तीनंतर सारा आणि मी नगरला रणगाड्यांचे संग्रहालय पाहायला गेलो. तेथे सेंच्युरियन उभा होता. सारा शिवणकामाची टेप पर्समध्ये ठेवीत असे. तिने एक टोक धरले, मी दुसरे. रखवालदार धावत आला. काय चालले आहे, असे त्याने विचारले. सारा शांतपणे म्हणाली, "कव्हर शिवायचंय." तो इतका गोंधळला की आम्ही पुढची बाजू मोजून होईपर्यंत बाजूला उभा राहिला.

धड मी पत्र्याचे केले. चाके लेथवर काढली. एका कडीचा लाकडी नमुना केला, त्यावरून काळुरामांनी अॅल्युमिनियमच्या दोनशेच्यावर कड्या ओतल्या, आणि प्रत्येकीला भोके पाडून, पिना घालून मी दोन पट्टे विणले. विणले हाच शब्द बरोबर. सारा शेजारी बसून स्वेटर विणत असे आणि कोणाचे आधी संपते ते पाहत असे. तिचे संपले.

बुरूज मला जमेना. खऱ्याचा बुरूज ओतीव असतो. त्याला गोलाई असते आणि अंगाला खरखर असते. पत्रा वाकवून ते येत नाही. तेव्हा हैबतराव म्हणाले की गोलाई माझ्याकडे दे. त्यांनी शाडूत बुरूज घडवला, त्यावरून साचा काढला आणि साच्यात फायबर भरले. पहिला बुरूज आला तो गणपतीच्या पोटासारखा गुळगुळीत. मी नाक मुरडले. दुसऱ्यांदा त्यांनी ओल्या मातीवर गोणपाट दाबून खरखर आणली आणि ती अशी साधली की माझा हात त्यावरून फिरायचा थांबेना. मग त्यांनी रंग दिला. हात सवयीने मूर्तीच्या मोतिया रंगाच्या डबीकडे गेला असावा. उन्हात आणला तर लष्करी हिरव्या रंगाला पीतांबराची झळाळी. आम्ही दोघे इतके हसलो की सारा बाहेर आली. नंतर राख मिसळून तो मंद केला.

एका गोष्टीवर ते अडले. बुरुजावर नेम धरण्याच्या भिंगांच्या जागा आहेत. तेथे काचा बसवायच्या होत्या. त्या आधी बसवू नयेत, मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी, असा त्यांचा नियम. मी म्हणालो, डोळे असून न पाहणाऱ्या मूर्तींविषयी आमचे स्तोत्र काय म्हणते ते तुला ठाऊक आहे. ते म्हणाले, "म्हनून तर शेवटी लावतो. तंवर त्याला कळू नये आपन काय काय चुका केल्या."

सारा आजारी पडली. नथानियल, तू तिच्यासाठी विजेवर चालणारी खुर्ची पाठवलीस. दोन वर्षे ती त्या खुर्चीतून या घरात फिरली, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला धडकली, हसली. ती गेल्यावर खुर्ची सहा महिने पडवीत उभी होती. मग मी तिच्या दोन्ही मोटारी काढून रणगाड्यात बसवल्या. डाव्या पट्ट्याला डावी, उजव्याला उजवी. तू फोनवर म्हणालास, "पप्पा, तुम्ही मम्मीची खुर्ची मोडलीत." मी तेव्हा उत्तर दिले नाही. आता लिहितो. ती रिकामी खुर्ची मला बघवत नव्हती, आणि त्या मोटारींचा आवाज मला ऐकायचा होता. पडवीत डोळे मिटून बसले की तो आवाज अजून येतो. यापलीकडे माझी बाजू नाही.

आता वाद. हैबतरावांच्या घराण्यात रीत आहे की लोकांच्या मूर्ती कोणीही न्याव्यात, पण घरचा गणपती घडवणाऱ्यानेच आपल्या हाताने पाण्यापर्यंत न्यायचा. मुलाने नाही, भावाने नाही. वरशाहून कुंडलिका नदीचा घाट जवळ आहे, पण चार वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे गेले. ते माझ्याकडे आले आणि म्हणाले की बुरूज तसाही काढलेलाच आहे, धडाच्या पाठीवर पाट बांधू, गणपती त्यावर बसवू, रिमोट मी धरीन. म्हणजे माझ्या हाताने नेल्यासारखे होईल.

मी नाही म्हणालो. माझ्या हाताने केलेल्या वस्तूवर मूर्ती बसणार नाही, हे मला शिकवावे लागले नाही, रक्तात आहे. आमच्या पूर्वजांनी या किनाऱ्यावर सगळे विसरून फक्त दोन-तीन गोष्टी राखल्या. शनिवारी घाण्याचा बैल सोडायचा, आणि दुसऱ्या कशापुढे वाकायचे नाही. लोक त्यांना शनवार तेली म्हणाले आणि त्यांनी ते नाव मान खाली न घालता लावले.

हैबतराव म्हणाले, "तुजा देव येवडा नाजूक हाय काय रं आयझू? माजा पाच दिसाचा पावना त्याच्या गाड्यावर टेकला तर त्याला डाग पडंल?"

मी म्हणालो, "देवाला नाही पडणार. मला पडेल."

बुरूज तेव्हा रंगाच्या डागडुजीसाठी वरशालाच होता. "मंग डोकं माज्याकडं ऱ्हाऊ दे. धड तू ठेव," एवढे बोलून ते गेले. त्या वर्षी त्यांनी गणपती कसा नेला ते मी कोणाला विचारले नाही. नंतर कळले की दर दहा पावलांवर थांबत, पायरीवर बसत नेला, आणि शेवटच्या उतारावर पडले. मूर्ती सांभाळली, मनगट मोडले. त्याच हाताने ते डोळे आखतात.

मी तरीही बोललो नाही. आजही माझे म्हणणे आहे की नकार शास्त्राला धरून होता.

गुरुवारी मी सातवे कलम लिहिले ते असे: धड गॅस कटरने कापावे, कड्या वितळवाव्यात, मोटारी एखाद्या गरजू अपंग व्यक्तीच्या खुर्चीला द्याव्यात, जेणेकरून या वस्तूवर माझ्या पश्चात कोणतीही मूर्ती बसणार नाही. नूतन वकिलांनी वाचले. साक्षीदार दोन लागतात, असे म्हणाल्या. माझ्या तोंडून पहिले नाव हैबतरावांचे गेले. मला इतकी वर्षे ओळखणारा दुसरा कोणी जिवंत नाही. फोन केला. चार वर्षांनी. ते म्हणाले, "कंदी येऊ?"

शुक्रवारी दुपार कलल्यावर ते टेम्पोतून आले. उंबरा ओलांडताना नेहमीप्रमाणे मेझुझ्याला बोट लावून कपाळाला लावले. ही सवय त्यांना लहानपणापासून आहे आणि ती मोडायला मी कधी सांगितले नाही. मागून टेम्पोवाल्याने गोणपाटात गुंडाळलेला बुरूज आणून पडवीत ठेवला.  हैबतराव म्हणाले, "ऑपरेशनला चाललायस. अर्धवट ठेवून जाऊ नये मानसानं."

नूतन वकील होत्या, दुसरे साक्षीदार प्रविण होते. नाक्यावरचे औषधांचे दुकान त्यांचे. साक्षीदाराने मजकूर ऐकण्याची कायद्याला गरज नाही, फक्त माझी सही होताना पाहायची असते, असे नूतन वकिलांनी दोनदा सांगितले. मी ऐकले नाही. सातवे कलम मोठ्याने वाचले. ज्याच्याविरुद्ध लिहिले त्याच्या पाठीमागे ते करणे मला शोभत नव्हते.

वाचून झाले.  हैबतराव कष्टाने वाकले, गोणपाट सोडले, बुरुजावरचा भुसा हाताने झटकला. म्हणाले, "मंग ह्यो बी काप. मी एकटा घेऊन काय करू ह्याला?" आणि पेन मागितले.

तेव्हा नूतन वकिलांनी त्यांना सावध केले. आमच्या लोकांच्या मृत्युपत्राला जो कायदा लागतो त्यात जो साक्षीची सही करतो त्याला त्या मृत्युपत्राखाली काहीही मिळू शकत नाही; काका उद्या बदलले आणि तुम्हाला गाडा लिहिला, तरी तुमची सही असली तर तो तुमचा होणार नाही. त्यांनी नीट समजावून सांगितले आणि माझ्याकडे पाहिले. माझ्यासाठीच बोलत होत्या.

"घ्याया कुटं आलोय, वकीलबाय," हैबतराव म्हणाले. "द्याया आलोय. आन पेन."

पेन माझ्या हातात होते. त्यांनी हात पुढे केला होता, तोच, वाकडे जुळलेल्या मनगटाचा. मला ते देता येईना. दोन बायका एका मुलासाठी शलमोन राजापुढे उभ्या राहिल्या, आणि जिने तलवार पाहून मूल सोडून दिले तीच आई ठरली, ही कथा मी शेकडो वेळा वाचून दाखवली आहे. या पडवीत तलवार मी उपसली होती, आणि सोडणारा समोर उभा होता. बाहेर सूर्य झाडांच्या खाली उतरला होता. सब्बाथात, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत, लिहिता येत नाही, सही करता येत नाही. मी पेनाचे टोपण लावले आणि म्हणालो, वेळ झाली. प्रविण दुकानाकडे गेले. नूतन वकील रविवारी सकाळी येते म्हणाल्या. सोमवारी मला दाखल व्हायचे आहे याची आठवण त्यांनी करून दिली नाही. चेहऱ्यावर ती होती.

टेम्पो निघून गेला होता. हैबतराव राहिले. मी तेलाचे दिवे लावले, काळ्या मनुकांच्या सरबतावर आशीर्वाद म्हटला. त्यांनी पूर्वीसारखेच न सांगता आपला पेला पुढे केला.

शनिवारचा दिवस आम्ही पडवीत काढला. समोर धड, शेजारी बुरूज. बुरूज धडावर ठेवून उजवीकडे किंचित फिरवला की खट्ट बसतो. पण ते काम, आणि त्या दिवशी काम नाही. मला करता येत नव्हते, त्यांना कर म्हणताही येत नव्हते, आणि त्यांना एकट्याला बुरूज उचलत नव्हता. ते म्हणाले, "शनवार तेली तो. गाडा बी शनवारचा बंद." त्यापलीकडे दिवसभर त्या वस्तूविषयी शब्द नाही. इतका जड सब्बाथ मी पाहिलेला नाही.

पण सकाळी एक गोष्ट घडली होती, तिचा अर्थ मला दुपारी कळला. हैबतरावांची पूजा चुकत नाही. त्यांनी खिशातून एक सुपारी काढली, पडवीच्या कोपऱ्यात पाटावर ठेवली. ती त्यांचा गणपती. खाली बसायला गुडघे देईनात. त्यांनी आधाराला हात पुढे केला आणि मी दंड दिला. ते माझ्यावर भार टाकून बसले. पूजा झाली, पुन्हा माझ्याच दंडाला धरून उठले. त्यांच्याबरोबर मीही दोन्ही वेळा वाकलो. भार पडला की माणूस वाकतो.

दुपारी शास्त्र उघडले आणि अरामी सेनापती नामान आठवला. तो एका देवाला मानू लागतो आणि संदेष्टा एलीशाकडे एकच सूट मागतो: माझा धनी आपल्या देवळात जातो तेव्हा माझ्या हातावर टेकतो, मग मलाही वाकावे लागते, तेवढी क्षमा व्हावी. एलीशा त्याला रागावत नाही, समजावीत बसत नाही. शांतीने जा, एवढेच म्हणतो. ही जागा मी आयुष्यभर वाचली. नामानाचा हात आपला असू शकतो हे मला सुचले नव्हते.

आज रविवारी सकाळी, नूतन वकील आणि प्रविण यांच्या समोर, मी सातवे कलम नवे लिहिले: धड, मोटारींसह, बिनशर्त हैबतराव गणू घरत यांस. वाचून दाखवले. मला वाटले आता सुटलो. हैबतराव तांबडे झाले.

"म्हंजे तू मेलास तर गाडा माजा," ते म्हणाले, "आन परत आलास तर नाय. गौरीच्या दिवशी मी गणपतीला न्हेनार कसा? उद्या मी त्याच्यापुढं बसून मागू काय, आयझू, तुजा जीव का गाडा? तू सांग."

  मृत्युपत्रातले औदार्य स्वस्त असते; जे आपल्याला लागणारच नाही ते आपण देतो. हा वार माझ्यावर बरोबर बसला.

म्हणून तेही कलम मी फाडले. आता सातव्या कलमाचा अंतिम मजकूर असा: रणगाडा या मृत्युपत्रात नाही. तो माझ्या मालकीचा राहिलेला नाही. आज रविवारी सकाळी, माझ्या हयातीत आणि शुद्धीत, मी रिमोट हैबतरावांच्या हातात देऊन रणगाडा त्यांना बक्षीस दिला व त्यांनी तो घेतला. प्रविण आणि मी बुरूज उचलला, धडावर ठेवला, फिरवला, बसला. मग हैबतरावांनी खिशातून कागदाची पुडी काढली. भिंगांच्या काचा त्यात होत्या. चार वर्षे त्यांनी त्या बसवल्या नव्हत्या. वाकड्या मनगटाने, श्वास धरून, त्यांनी त्या आता बसवल्या.

त्यांनी त्यावर काय बांधावे हे विचारण्याचा हक्क मला उरलेला नाही. मूर्ती बसलेली असताना मी रिमोट हाती घेणार नाही. माझ्या हातांचा नियम कायम आहे आणि ते त्यांनी मान्य केले. पण परमेश्वराने मला पनवेलहून परत आणले, तर गौरीच्या विसर्जनाला मी वरशाला जाईन. रिमोट त्यांच्या एका हातात असेल. दुसऱ्या हाताला टेकायला काही लागेल, उतारावर विशेष. मी शेजारून चालेन.

वडिलांना विचारलेल्या प्रश्नाविषयी. लोखंडी रथ मी पाहिला, केलाही. देवाचा हिशेब मला अजून कळत नाही. फक्त एवढे दिसते की त्या ओळीत तो बरोबर होता असे आधी सांगितले आहे, आणि रथांनी अडवले हे नंतर.

नथानियल, मम्मीच्या मोटारी त्यातच राहतील. तू आलास तर वरशाला जाऊन बस, हैबतकाका चालवून दाखवतील. डोळे मिटून ऐक.

कलम आठवे. वरील बक्षिसामुळे हैबतरावांना या मृत्युपत्राखाली काहीही मिळत नाही. यास्तव त्यांच्या साक्षीस कायद्याची हरकत नाही, असे नूतन वकिलांनी दोनदा तपासून सांगितले. ऐकून हैबतराव म्हणाले, "म्हंजे आता तरी पेन देशील?"

दिले.

ठिकाण: रामवाडी, पेण, जिल्हा रायगड
दिनांक: रविवार, २० जुलै २०२५, तम्मूज २४, ५७८५

मृत्युपत्र करणार:
(सही) आयझॅक शलोमोन वाकरूळकर

मृत्युपत्र करणाऱ्याने आमच्या देखत सही केली व आम्ही त्यांच्या व एकमेकांच्या देखत साक्षी घातल्या. कागद रणगाड्याच्या पाठीवर ठेवून सह्या झाल्या. घरातले टेबल डगमगते.

साक्षीदार:
१. (सही) प्रविण, औषध विक्रेते, रामवाडी, पेण
२. (सही) हैबतराव गणू घरत, मूर्तिकार, वरसे, ता. रोहा. अक्षर थोडे वाकडे आहे. हात त्यांचाच आहे.